तीन अक्षरं कमी

४ फेब्रुवारी

नाही म्हणायला गेले आणि हो म्हणून आले!

पाणीपुरवठा कार्यालयाच्या साहेबांचं बोलावणं होतं. वाटलं, गेल्या मे महिन्यातल्या भाषणाचा राग अजून धुमसत असेल. पाहते तर खुर्चीवरून उठून उभे! "बाई, तुमच्या एका वाक्यानं आमचं ऑफिस हललं." वाक्य त्यांना पाठ होतं. 'आमच्या नळाला पाणी येत नाही, खोकला येतो.' मैदानात बोलले, दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलं आणि तिसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीला पंचवीस मिनिटांच्या जागी पाऊण तास पाणी! सकाळी सहा ते पावणेसात. तेव्हापासून गल्लीचं जुनं नावच गेलं. पोस्टमनसुद्धा 'बाईंची गल्ली' म्हणतो. इथं खोटं कशाला लिहू — बरं वाटतं.

साहेबांचं दुखणं वेगळंच. नागरिक म्हणतात, तुमची उत्तरं रुक्ष असतात. म्हणून कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण : काव्याचे घटक, अलंकार, काव्यप्रकार. दर मंगळवारी-शुक्रवारी, चार ते सहा.

"लोकांना ओलं पत्र नको आहे साहेब, ओला नळ हवा आहे."

साहेब खो खो हसले आणि वाक्य वहीत उतरवून घेतलं. या माणसावर रागवायचं तरी कसं!

मग हो का म्हटलं? कारण चाळीस वर्षं फळ्यासमोर आणि ध्वनिक्षेपकासमोर एकच गोष्ट ओरडत आले आहे — अलंकार म्हणजे भाषेचा दागिना नव्हे. अलंकार म्हणजे नीट बघणं. शहराचं पाणी ज्यांच्या हातात आहे त्यांना नीट बघायला शिकवलं, तर? करून बघू या!

५ फेब्रुवारी

लाँड्रीवाली आज पुन्हा दोन दिवस उशिरा. शिवाय पांढऱ्या साडीवर मातकट डाग. विचारलं तर म्हणते, "बाई, पाणी नाही आमच्याकडं." तिची मागची गल्ली म्हणजे आमच्या भिंतीला भिंत! आम्हाला पाऊण तास आणि तिला नाही? सबबीत तरी कल्पनाशक्ती असावी माणसाच्या.

७ फेब्रुवारी

पहिला तास. तळमजल्यावरची खोली, जिथं पूर्वी बिघडलेले मीटर ठेवत. कोपऱ्यात चार-पाच अजून पडून आहेत, आकडे अडकलेले. बारा विद्यार्थी, सगळ्यांच्या चेहऱ्यावर शिक्षा झाल्याचा भाव.

पहिल्या बाकावर तक्रारींना उत्तरं लिहिणारा लिपिक. गोल चेहरा, तेल लावून बसवलेले केस. नाव विचारायच्या आत खोलीतूनच आवाज आला, "याला आम्ही आदरणीय म्हणतो. प्रत्येक पत्राची सुरुवात तशी करतो ना!" शेवटच्या बाकावर चावीवाला. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून, माणसाच्या उंचीची चावी खाली घालून, गल्लीगल्लीचं पाणी सोडतो आणि बंद करतो. चावी सोबतच आणलेली.

"ही इथं कशाला?"

"बाहेर ठेवली तर कुणीबी पाणी सोडंल, बाई."

उपमेनं सुरुवात केली. फळ्यावर लिहिलं : 'पाणी कशासारखं?' बारापैकी अकरा उत्तरं — पाणी जीवनासारखं. कागद गोळा केले, फाडले, खिडकीतून टाकले. "जीवनासारखं म्हणजे कसं? कधी बघितलंय जीवन? रंग कसा? वास कसा?" बारावा कागद चावीवाल्याचा. 'पाणी नव्या सुनंसारखं. आधी आवाज येतो, मग दिसतं.' नळाला पाणी यायच्या आधीची ती सूंऽऽ! पैंजण आधी, पदर नंतर!

तो कागद मात्र घरी आणला.

११ फेब्रुवारी

या कार्यालयात साहेबांच्या सहीशिवाय झुरळसुद्धा मरत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या गृहपाठाचा छापील नमुना आहे! नाव, हुद्दा, गुण, खाली 'प्रशिक्षकाचा शेरा', त्याखाली साहेबांची सही आणि गोल शिक्का. मी तपासून गठ्ठा वर पाठवते, तो सह्या होऊन खाली येतो.

आजच्या गठ्ठ्यात चुकून सुनेची यादी गेली. साबण, काड्यापेटी, गव्हाचं पीठ, हिरवा दोरा. परत आली ती सही-शिक्क्यानिशी! वर साहेबांच्या हातचं 'मंजूर. तातडीने कार्यवाही व्हावी.'

सून हसून हसून खाली बसली. "आई, आता दोरा आणावाच लागेल. सरकारी काम आहे!"

(मुलगा कामासाठी बाहेरगावी असतो. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे हसायलाही आम्हीच आणि भांडायलाही.)

१४ फेब्रुवारी

मी त्यांना शिकवायला जाते, की ते मला?

चेतनगुणोक्ती समजावत होते. निर्जीव वस्तूला सजीव मानून बोलणं. उदाहरणं मागितली. एकामागून एक हात वर! अर्ज फिरतोय. फाइल झोपलीय. प्रस्ताव वर जाऊन बसलाय. टेबलाला विचारावं लागेल. अहो, या इमारतीत माणसं सोडून सगळंच सजीव आहे!

मग व्याजोक्ती. खरं कारण दडवून दुसरंच पुढं करणं. आदरणीयनं पापणी न हलवता चार वर्षांपूर्वीचं स्वतःचं पत्र म्हणून दाखवलं : 'आपल्या भागातील जलवाहिनीस विश्रांतीची आवश्यकता असल्याने पुरवठा स्थगित आहे.' मी विचारलं, खरं कारण काय होतं? म्हणाला, "ते आम्हालाही कळवत नाहीत, मॅडम."

आणि अपन्हुती! आहे ते नाकारायचं आणि भलतंच आहे म्हणून ठासून सांगायचं. आदरणीय उभा राहिला, घसा साफ केला : "ही गळती नव्हे, हा रस्त्याचा अभिषेक होय!" खोलीत टाळ्या. मी डोक्याला हात लावला. पण अलंकार बरोबर होता, गुण द्यावे लागले.

१५ फेब्रुवारी

आदरणीयचं पत्र एका वर्तमानपत्रानं छापलं : 'आपली तहान ही आमच्या काळजातील भोवरा आहे.' साहेबांनी मला पेढ्यासारखा गोड फोन केला. मी तो फोन होता तसा लिहिते : "बाई, भोवरा! काय भोवरा!"

१८ फेब्रुवारी

काव्यप्रकार. सुनीत या प्रकाराच्या चौदा ओळी ऐकून तिघं पाणी प्यायला गेले ते परतलेच नाहीत. मुक्तछंद सगळ्यांना आवडला — मोजायचं काही नाही म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही! मी ठणकावलं, मोकळं व्हायचं तर आधी बांधून घ्यायला शिका. अष्टाक्षरी करा. एका चरणात आठ अक्षरं, एक कमी नाही, एक जास्त नाही. जोडाक्षर एकच धरायचं. बोटांवर मोजा. विषय — तुमचं रोजचं काम. जीवन, सागर, तारे दिसले तर कागद खिडकीबाहेर.

चावीवाला दारात थांबला. "बाई, आमचं काम म्हणजे नुसती गल्ल्यांची नावं. त्याची कविता व्हती का?"

"नावांचीच होते. तुम्हाला ती ओळीनं पाठ आहेत ना?"

"अठरा वर्सं म्हणतोय. सायकल चालवताना तोंडात तेच असतंय."

२१ फेब्रुवारी

आदरणीयची अष्टाक्षरी निर्दोष आणि निर्जीव. बाकीच्यांची लंगडी. आणि चावीवाल्याची ही —

पाच वाजता उठतो
लांब चावी खांद्यावर
आधी उघडतो टाकी
मग फिरतो शहर

शाळा, बाजार, गिरणी
दवाखाना, मोठी पेठ
पुलाखालची वखार
मग सायकल थेट

बाईंची गल्ली
मग टपरी गाठीत
चावी फिरते उलटी
पाणी झोपतं टाकीत

पाणी झोपतं टाकीत! ज्यानं वही हातात धरली नाही, त्याच्याकडं हे कुठून आलं? रोज त्याला उठवतो आणि झोपवतो, म्हणून आलं. हेच तर मी चाळीस वर्षं सांगते आहे! पेठ-थेट हे यमक ओढून आणलंय, पण तेही माफ.

एकच दोष. 'बाईंची गल्ली' — पाचच अक्षरं. नेमका माझ्याच नावाचा चरण मोडावा! लाल शाईनं शेरा दिला : 'चरण अपुरा. तीन अक्षरं कमी. पुन्हा करून आणा.'

२२ फेब्रुवारी

लाँड्रीवाली कपडे द्यायला आली आणि दारातच बसली. पंधरा-वीस दिवसांत दुकान बंद करणार म्हणे. बहिणीच्या गावी जाणार. तीस वर्षं ती गल्लीची धुणी धुते, तिची आईही तेच करायची.

"अगं, पण का?"

"सांगितलं की बाई. पाणी नाही."

"सकाळी उठायला हवं वेळेवर. वीस मिनिटं तर येतं ना तुमच्याकडं?"

तिनं इस्त्रीच्या घड्या माझ्या हातात दिल्या. मग म्हणाली, "हो बाई, उठायला हवं."

सून आतून म्हणाली, "आई, जरा हळू बोलत जा ना."

हळू! मी!

२५ फेब्रुवारी

चावीवाल्यानं कविता पुन्हा आणली. तीच. अक्षर नीट काढलेलं, पण चरण पाचावरच अडलेला.

मी वर्गातच झापलं. "बोटं आहेत ना दहा?" तो म्हणाला, "बाई, म्हणताना बरोबर बसतंय." म्हणा मग! तो उभा राहिला, चावी हातात. प्रत्येक चरण ठेक्यात. 'बाईंची गल्ली' म्हणाला आणि चावीचं टोक फरशीवर तीनदा आपटलं — टक्, टक्, टक् — मग पुढं गेला. ठेका कुठंच तुटला नाही.

"हे टकटक काय?"

"तिथं एक गल्ली होती."

"कुठली?"

तो बाकीच्यांकडं बघत राहिला. आदरणीय एकदम पेन उघडण्यात गर्क! मी तास सोडून दिला. सगळे गेल्यावर चावीवाला बोलला. खाली बघून.

"बाईंची गल्ली, मागची. असं होतं ते. अठरा वर्सं तसंच म्हणायचो, तुमच्या गल्लीचं नाव तेवढं जुनं, तेबी एवढंच लांब. आता मागची म्हणायचं नाही, तर जीभ थांबती तिथं. चाल बसलीय ना."

बाईंची गल्ली, मागची. मोजलं. आठ.

रक्त उसळलं! "कुणी काढली? कुणाच्या हुकुमानं? उद्या मैदानात सभा लावते! एका अख्ख्या गल्लीचं पाणी—"

"बाई, बसा."

"बसू कशी! कधी काढली सांगा, तारीख सांगा!"

"तुमच्या भासणानंतरचा तिसरा सोमवार. साहेब म्हणाले, त्या बाईंची गल्ली वीस मिनिटं वाढव. म्हटलं, साहेब, टाकी तेवढीच, वीस मिनिटं आणू कुठनं? म्हणाले, मागची सोड. ते काय बोलणार आहेत?"

२६ फेब्रुवारी

ते काय बोलणार आहेत.

२७ फेब्रुवारी

मागच्या गल्लीत गेले. घरापासून पावलं मोजली, एकशे दहा. इतक्या वर्षांत लग्नकार्य सोडून कधी गेले नव्हते. नळांच्या तोंडांना फडकी बांधलेली आहेत. एका नळावर कपड्यांचे चिमटे लटकवलेत. बायका वखारीपलीकडच्या विहिरीवरून पाणी आणतात, जाऊन येऊन अर्धा तास. त्या पाण्याचा रंग — माझ्या साडीवरच्या डागाचा.

लाँड्रीवाली कपड्यांची गाठोडी बांधत होती. मला बघून खुर्ची पुसली.

"तू मला सरळ का नाही सांगितलंस?"

"दर वेळी सांगितलं की, बाई."

खरंच की! 'पाणी नाही.' दोन शब्द. मी त्यात सबब शोधली, आळस शोधला, कल्पनाशक्तीचा अभावसुद्धा शोधला. फक्त पाणी नाही एवढंच ऐकलं नाही.

मग ती म्हणाली, अगदी सहज, इस्त्री फिरवावी तसं : "तुमच्या भाषणाला मी आले होते. पहिल्या रांगेत. त्या खोकल्याच्या वाक्याला सगळ्यात आधी टाळी माझी. वाटलं, आमच्यासाठीच बोलताय."

दीड तास बोलले होते मी त्या दिवशी. त्यात 'मागची गल्ली' हे शब्द होते का? घरी येऊन हस्तलिखित काढलं. सात उपमा, दोन रूपकं, एक अतिशयोक्ती. मागची गल्ली कुठंही नाही.

१ मार्च

साहेबांना गाठलं. सगळं सांगितलं. चावीवाल्याचं नाव काढलं नाही. म्हटलं, मागच्या गल्लीत जाऊन बघितलं. साहेब मान डोलवत होते.

"बाई, पाणी वाढवता येत नाही. फक्त फिरवता येतं."

"मग परत फिरवा!"

"आणि उद्या तुमची गल्ली मोर्चा घेऊन आली तर? मोर्च्यापुढं कोण असेल? तुम्हीच!" आणि तेच खो खो हसणं. "लेखी अर्ज द्या. सहानुभूतीनं विचार होईल."

घरी सुनेला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं. "म्हणजे आपलं पाणी जाणार?"

"आपलं नव्हे ते."

"आई, तुमचं बरोबर आहे. पण हंडे मी भरते, तुम्ही वर्तमानपत्र वाचता. पंचवीस मिनिटांत दोन माणसांचं पाणी, कपडे, भांडी — एकदा तुम्ही भरून बघा आणि मग बोला."

या मुलीपुढं माझी वक्तृत्वकला कायम लुळी पडते.

२ मार्च

हंडे मी भरले. घड्याळ लावून. पंचवीस मिनिटांत सगळं होतं. कंबर मोडते, पण होतं. सुनेनं चहा आणून दिला.

४ मार्च

अर्ज दिला. साध्या भाषेत, सहा ओळी. आवक क्रमांक पडला.

७ मार्च

समारोप. साहेब, वरचे साहेब, त्यांच्याही वरचे साहेब. हारतुरे. आमच्या गल्लीतले लोक आलेले. लाँड्रीवालीला मी मुद्दाम बोलावलं होतं, ती मागं भिंतीला टेकून उभी.

सकाळपर्यंत ठरवत होते, काय बोलू? चावीवाल्याची कविता वाचून दाखवू? त्याची नोकरी जाईल. साहेबांना सोलून काढू? मला ते जमतं. पण त्या सालीखाली माझीच साल आहे. शेवटी ठरवलं — एकही अलंकार नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

उभी राहिले आणि म्हटलं, "आमच्या गल्लीला रोज पाऊण तास पाणी येतं. त्यातली वीस मिनिटं मागच्या गल्लीची आहेत. माझ्या भाषणानंतर ती काढून आम्हाला दिली. त्यांना दहा महिने पाणी नाही. ती वीस मिनिटं परत द्या." आणि खाली बसले.

टाळ्यांचा कडकडाट!

सर्वांत वरचे साहेब उठले, डोळे पुसत. "वाऽ! काय रूपक! पुढच्या गल्लीनं मागच्या गल्लीला वेळ द्यावा — अहो, ही तर पिढ्यांची गोष्ट आहे! आजच्या तरुणांनी वृद्धांना रोज वीस मिनिटं द्यावीत!" पुन्हा टाळ्या. आमच्या गल्लीतल्या शेजारीणबाई कानात म्हणाल्या, "बाई, अंगावर काटा आला हो. आज घरी जाऊन सासूबाईंशी बोलते."

मी ओरडले, "रूपक नाही हे! नळाबद्दल बोलते आहे, नळाबद्दल!"

आदरणीयनं शेजारच्याला समजावलं, "बघितलंस? अपन्हुती."

चाळीस वर्षांची कमाई! माझ्या तोंडून आता 'आग लागली' असं निघालं तरी लोक म्हणतील, काय प्रखर प्रतिमा! मागं बघितलं. लाँड्रीवालीनं या वेळी टाळी वाजवली नव्हती. ती निघून चालली होती.

८ मार्च

अर्जाचं उत्तर आलं. आदरणीयच्या अक्षरात.

अर्ज आपला मिळाला
मन आमचे भिजले
आश्वासनांच्या सरींनी
कोरडे नळ सजले

आठ, आठ, आठ, आठ. मीच शिकवलंय. कुणापाशी तक्रार करू?

१० मार्च

चावीवाला घरी आला. प्रमाणपत्रासाठी शेवटचा गृहपाठ द्यायचा होता. तोच कागद, तोच नमुना, तोच चरण. त्याला म्हटलं, "दादा, तुम्ही उद्या सकाळी तुमच्या हातानं मागची उघडलीत तर?"

"लगेच उघडतो. पण लेखी पाहिजे, बाई. विचारलं तर कागद दाखवायला हवा."

"काढताना लेखी होतं का?"

"छे! काढायचं तोंडी असतंय. घालायचं लेखी."

तो गेला. कागद टेबलावर. वर नाव, हुद्दा : चावीवाला. खाली 'प्रशिक्षकाचा शेरा'. त्याखाली साहेबांच्या सहीची रिकामी जागा आणि शिक्क्याचं छापील वर्तुळ.

बघत बसले. मग एकटीच हसायला लागले. सून धावत आली, "आई, काय झालं?" मी विचारलं, "तो हिरवा दोरा आणलास का गं?"

लाल शाई घेतली. स्वच्छ अक्षरात लिहिलं :

'मागची गल्ली गाळल्यामुळे चरण अपुरा आहे. शुक्रवारपासून तो पूर्ण करावा. मागच्या गल्लीस रोज वीस मिनिटे द्यावीत व ती बाईंच्या गल्लीतून वजा करावीत.' खाली माझी ठसठशीत सही, तारखेसह. उद्या कुणी विचारलंच, तर आधी माझ्याकडं यायला हवं.

चाळीस वर्षांत इतकं साधं गद्य लिहिलं नव्हतं. गठ्ठ्यात मधोमध ठेवलं. दहापैकी दहा गुण.

१२ मार्च

गठ्ठा खाली आला. बारा सह्या, बारा शिक्के. चावीवाल्याच्या कागदावर सहीच्या वर, गिरक्या घेणाऱ्या अक्षरात : 'मंजूर. तातडीने कार्यवाही व्हावी.'

१३ मार्च

चावीवाल्याला वर्गाच्या रिकाम्या खोलीत कागद दिला. त्यानं शेरा वाचला. ओठ हलवत, बोट फिरवत. मग शिक्का वाचला. मग पुन्हा शेरा.

"बाई, तुमची गल्ली तुम्हाला सोडायची नाही."

"माहीत आहे."

"तुमच्या सूनबाई?"

"तिला सांगितलंय. ती म्हणाली, हंडे आता निम्मे तुमचे."

त्यानं कागद चार घड्या घालून टोपीत ठेवला. खिशातून दुसरा काढला, नवी प्रत. तिसऱ्या कडव्याचा पहिला चरण — बाईंची गल्ली, मागची. आठ. सवयीनं मी बोटांवर मोजलं. तोही मोजत होता.

जाताना मागच्या गल्लीत डोकावले. लाँड्रीवालीची गाठोडी दारात रचलेली. टेम्पो उद्या दुपारी येणार. म्हटलं, "सकाळी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी नळापाशी थांब."

"कशाला, बाई?"

तोंडाशी तीन उपमा आल्या. गिळल्या.

"पाणी येणार आहे."

१४ मार्च

सहा पंचवीस. हंडा अर्धा. आमचा नळ खोकला — दोनदा, तीनदा — आणि थांबला. भिंतीपलीकडून सूंऽऽ आवाज आला.

दारात अख्खी गल्ली जमली आहे. "बाई, पुन्हा तेच! बाहेर या! ते खोकल्याचं भाषण करा!" सून दाराला पाठ लावून उभी आहे, माझ्याकडं बघते आहे.

जाते. पहिलं वाक्य तयार आहे : पाणी मी बंद केलं.